लहान मुलांसाठी जुना चित्रपट निवडताना

निवासी शाळेत वाढलेल्या माजी विद्यार्थ्याला वर्गातील धडे आठवतील किंवा न आठवतील; परंतु सतरंजीवर दाटीवाटीने बसून सर्वांसोबत पाहिलेला चित्रपट बहुधा आठवतो. पूर्वी टीव्ही संच आणि व्हिडिओ कॅसेट होती, मग सीडी आली, आता भिंतीवर प्रोजेक्टरचा प्रकाश पडतो. साधने बदलली, पण शिक्षक आणि अधीक्षक यांच्यापुढील प्रश्न बदललेला नाही : समोर पहिली-दुसरीची मुले बसली असताना हा चित्रपट लावावा की नाही?

हा प्रश्न हल्ली अधिक वेळा उभा राहतो, कारण चित्रपट मिळवणे सोपे झाले आहे. हितचिंतक, पालक आणि माजी विद्यार्थी प्रेमाने पेनड्राइव्ह आणून देतात. त्यात बहुधा जगभर गाजलेले जुने कल्पनारम्य अ‍ॅनिमेशनपट असतात. "कार्टूनच आहे, मुले खूश होतील," असे सांगितले जाते. देणाऱ्याची भावना चांगलीच असते. तथापि ‘कार्टून’ हा चित्रपट तयार करण्याचा एक प्रकार आहे. तो मुलांसाठी योग्य असल्याचा दाखला होत नाही. तेव्हा निर्णय कोणत्या कसोट्यांवर घ्यावा, याचा थोडा सविस्तर विचार या लेखात करावयाचा आहे.

जातककथेवरचा एक जुना चित्रपट

विचारासाठी परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही. मुंबईत, फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात, १९५७ साली ‘द बनियन डीअर’ हा अ‍ॅनिमेशनपट तयार झाला. १९५६ साली अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स हे डिस्ने स्टुडिओतील अनुभवी चित्रकार मुंबईत आले आणि त्यांनी येथील कलावंतांना प्रशिक्षण दिले. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन त्याच काळात या विभागात रुजू झाले होते. या चमूची पहिली मोठी निर्मिती म्हणून ‘द बनियन डीअर’चे नाव घेतले जाते. त्याची चित्रशैली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेली आहे. बुद्धजयंतीचे २५०० वे वर्ष आणि नागपूरची धम्मदीक्षा या दोन्ही घटना १९५६ च्या; त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या राजधानीत एक जातककथा हलत्या चित्रांतून सांगितली गेली, ही गोष्ट आपल्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटेल.

चित्रपटाच्या मुळाशी असलेली कथा म्हणजे निग्रोधमिग जातक. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला हरणाच्या मांसाची चटक असते. लोक हरणांचे दोन कळप राजोद्यानात कोंडतात. एका कळपाचा नायक निग्रोध, म्हणजे वड. दुसऱ्याचा नायक साख, म्हणजे शाखा. बाणांनी अनेक हरणे विनाकारण जखमी होतात, म्हणून दोघे ठरवतात की दररोज पाळीने एका हरणाने स्वतःहून वधाच्या ठोकळ्यावर मान ठेवावी. एके दिवशी पाळी येते गाभण हरिणीवर. पिलू जन्मेपर्यंत पाळी पुढे ढकलावी अशी विनवणी ती साखाला करते. तो नकार देतो. निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. हे ऐकून राजा धावत येतो, आणि निग्रोधाच्या शब्दावरून प्रथम त्या दोघांना, मग सर्व हरणांना आणि शेवटी पशू, पक्षी व मासे यांनाही अभय देतो.

करुणा म्हणजे काय हे बालमनाला सांगणारी इतकी स्वच्छ कथा क्वचितच सापडेल. परंतु त्याच कथेत कोंडलेली हरणे आहेत, बाणांनी झालेल्या जखमा आहेत, वधाचा ठोकळा आहे आणि ‘आज कोणाची पाळी’ ही रोजची धास्तीही आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात यांतील कोणता भाग रात्री शिल्लक राहील? चित्रपट मुलांपुढे लावण्याआधी विचारावयाचा खरा प्रश्न हा आहे.

तीन अपुरी उत्तरे

योग्यायोग्यता ठरवताना आपण सहसा तीन सोप्या उत्तरांचा आधार घेतो. तिन्हींमध्ये थोडे तथ्य आहे, पण एकही पुरेसे नाही.

पहिले उत्तर : ‘ते कार्टून आहे.’ याची मर्यादा एका तारखेवरून कळते. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये एकाच स्टुडिओचे दोन अ‍ॅनिमेशनपट जोडीने प्रदर्शित झाले. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ हा दोन बहिणी आणि रानातील एका प्रेमळ, केसाळ जीवाची कहाणी सांगतो; त्यात खलनायकच नाही. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ युद्धकाळात अनाथ झालेल्या भावाची आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीची उपासमार दाखवतो. शेवटी दोघेही मरतात. दुसऱ्या चित्रपटाच्या नावात काजवे आहेत. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखताना पाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी कोणी केवळ नाव पाहून तो निवडला, तर काय होईल याची कल्पना करावी. चित्रपट श्रेष्ठच आहे, पण तो लहान मुलांसाठी नाही.

दुसरे उत्तर : ‘तो जुना आहे आणि त्याला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र आहे.’ प्रमाणपत्र ज्या काळात दिले जाते त्या काळाची समजूतही त्यात उतरते. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ १९३८ साली ब्रिटनमध्ये आला, तेव्हा त्यातील चेटकीण आणि अंधारे रान पाहून तेथील मंडळाने मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावा असे प्रमाणपत्र दिले. आज तेथे तो सर्वांसाठी खुला आहे. उलट, सशांच्या स्थलांतराची कथा सांगणारा ‘वॉटरशिप डाउन’ १९७८ साली सर्वांसाठी खुला ठरला, आणि २०२२ मध्ये त्याच मंडळाने त्याला पालकांनी खबरदारी घ्यावी अशी वरची श्रेणी दिली. एक श्रेणी काळानुसार सौम्य झाली, दुसरी कडक झाली. आपल्याकडे १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाखाली प्रमाणपत्रे दिली जातात. पालकांच्या मार्गदर्शनाची ‘यूए’ ही श्रेणी १९८३ मध्ये आली आणि तिचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग २०२३ च्या दुरुस्तीने झाले. त्यामुळे जुन्या चित्रपटावरील ‘यू’ हे अक्षर सहा वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल यांत फरक करीत नाही. तो फरक आपल्यालाच करावा लागतो.

तिसरे उत्तर आपल्या संस्थेत अधिक मोहात पाडणारे आहे : ‘ती जातककथा आहे, बोधकथा आहे.’ कथा पवित्र परंपरेतील आहे म्हणून ती प्रत्येक वयाच्या मुलाला जशीच्या तशी द्यावी, असे म्हणणे धम्माच्या शिकवणुकीशीही जुळत नाही. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा आदरणीय व्यक्तीने सांगितली एवढ्यावरून स्वीकारू नये. तिच्यापासून हित होते की अहित, हे स्वतः जाणून घ्यावे. मराठीतही हा विवेक पूर्वीच झाला आहे. चिमणरावांचे जनक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले चि. वि. जोशी हे पालीचे व्यासंगी प्राध्यापक होते. जातकांची संख्या साडेपाचशेच्या घरात आहे. जोशींनी त्यांतील निवडक गोष्टी मराठीत आणल्या. ऐकणारा कोण आहे हे पाहून निवड करणे हा परंपरेचा अनादर होत नाही.

लहान मूल पडद्यावर काय पाहते

मोठा माणूस चित्रपटाचा अर्थ पाहतो, लहान मूल प्रामुख्याने रूप पाहते. जाँ पियाजे यांनी बालकांच्या विचारशक्तीच्या टप्प्यांची मांडणी केली, तेव्हा साधारण सात वर्षांपर्यंतचे मूल समोर दिसणाऱ्या गोष्टीला अधिक बांधलेले असते, हे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोअॅन कँटर यांनी पडद्यावरील भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष शिक्षकांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. अगदी लहान मुले विद्रूप चेहरा, अचानक होणारे रूपांतर आणि मोठा आवाज यांना घाबरतात, मग ते पात्र मनाने चांगले का असेना. आठ-नऊ वर्षांनंतरची मुले रूपापेक्षा ‘हे खरोखर घडू शकेल’ या कल्पनेला अधिक घाबरतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. "हे खोटे आहे, घाबरू नकोस," हे वाक्य मोठ्या मुलाला धीर देते, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याला जवळ घेणे, हातात हात देणे, पाणी पाजणे, दिवा लावणे अधिक उपयोगी पडते. शब्द नंतर येतात.

आपल्या लोकजीवनाला हे पूर्वीपासून माहीत आहे. जव्हार, मोखाडा, इगतपुरीच्या पट्ट्यात रात्रभर बोहाडा चालतो. मशालींच्या उजेडात मोठमोठे मुखवटे घालून दैत्य नाचत येतात. लहान मुले किंचाळतात, पण ती आजीच्या मांडीवर किंवा बापाच्या खांद्यावर असतात. मुखवट्याखाली गावातलाच कोणी काका आहे, हे त्यांना सकाळी समजते, कारण तोच काका ओट्यावर चहा पीत बसलेला असतो. तेथे भीती असते आणि तिच्या शेजारी आधारही असतो. अंधाऱ्या सभागृहात दीडशे मुलांमध्ये बसलेल्या पहिलीच्या मुलापाशी मांडी नसते, आणि पडद्यावरचा दैत्य सकाळी चहा प्यायला येत नाही.

दुःख आणि दहशत यांतील भेदही ध्यानात घ्यावा. मूल रडले म्हणजे चित्रपट वाईट, असे नाही. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ने महाराष्ट्रातील पिढ्यांना रडवले, आणि त्या रडण्याने कोणाचे अहित झाले असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाने डोळ्यांत पाणी येणे हा करुणेचा पहिला धडाच आहे. मात्र ते रडणे ज्याच्याजवळ बसून करावे असे माणूस शेजारी असले पाहिजे.

आपल्या मुलांच्या संदर्भात

वयाइतकेच मुलाचे जगणेही पाहावे लागते. राजूरच्या पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, कुमशेतकडच्या वाड्यापाड्यांतून आलेली मुले आणि मुंबई-पुण्यातील मुले एकच चित्रपट निरनिराळ्या डोळ्यांनी पाहतात. या लेखाच्या संदर्भात त्यांच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट, रान. ‘बॅम्बी’ हा १९४२ सालचा डिस्नेचा चित्रपट हरणाच्या पाडसाची कथा सांगतो. मुंबईला आलेले क्लेअर वीक्स यांनी या चित्रपटासाठीही काम केले होते. त्यात शिकारी पाडसाच्या आईला मारतो. मृत्यू दिसत नाही, केवळ बंदुकीचा आवाज येतो आणि पाडस बर्फात आईला शोधत राहते. पुढे सारे रान पेटते. शहरातील मुलाला ते रान कल्पनेतले वाटते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत वाढलेल्या मुलाने उन्हाळ्यात डोंगरावर चढणारा वणवा पाहिलेला असतो. बिबट्याने दारातली शेळी नेल्याचे त्याने ऐकलेले असते. त्याच्या दृष्टीने तो आग लागलेला डोंगर कल्पनारम्य नाही. उलटपक्षी, त्याला रानाचे ज्ञान असल्यामुळे हरणाच्या हालचालीतील खरेखोटेपणा तो आपल्यापेक्षा चटकन ओळखतो. त्याचा हा जाणतेपणा चर्चेत उपयोगात आणता येतो.

दुसरी गोष्ट, आईपासूनचा दुरावा. निवासी शाळेतील मूल आणि घरात राहणारे मूल यांतील सर्वांत मोठा फरक हाच आहे. कित्येकांचे आईवडील पिकांच्या हंगामात मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडे गेलेले असतात. घरातील मूल ‘बॅम्बी’ पाहून स्वयंपाकघरात जाते, आईला बिलगते आणि झोपते. वसतिगृहातील मूल मात्र खाटेवर पडून छताकडे पाहत राहते. चित्रपट तोच, पण त्यानंतरची रात्र निराळी. ‘टोटोरो’सारख्या अत्यंत सौम्य चित्रपटातही दोन बहिणींची आई इस्पितळात असते आणि धाकटी तिच्या ओढीने एकटीच निघून वाट चुकते. ज्या मुलाची आई खरोखर आजारी आहे, त्याला तो प्रसंग सौम्य वाटणार नाही. त्या दिवशी वर्गातील कोणत्या मुलाच्या घरी काय परिस्थिती आहे, हे कोणत्याही प्रमाणपत्राला माहीत नसते; ते अधीक्षकांना आणि वर्गशिक्षकांना माहीत असते.

तिसरी गोष्ट, भाषा. बहुतेक जुने चित्रपट इंग्रजीत किंवा हिंदीत मिळतात. घरी मराठीची बोली बोलणाऱ्या लहान मुलाला त्यातील संवाद कळत नाहीत. संवाद न कळल्यामुळे रूप, आवाज आणि वेग हेच त्याच्यापर्यंत पोहोचते. दिलासा देणारे वाक्य पडद्यावर बोलले जाते आणि त्याच्या कानावरून निघून जाते. म्हणून शिक्षकाने सूत्रधारासारखे बाजूला उभे राहून कथा सांगत जाणे आवश्यक ठरते. ही अडचण एका अर्थी सोयीचीही आहे, कारण सांगणारा माणूस जवळ असला की चित्रपट ऐकलेल्या गोष्टीच्या जवळ येतो.

भीतीपेक्षा गंभीर असे काही

आतापर्यंत भीतीचा विचार केला. सोबत आणि थोडी समज यांनी भीती ओसरते. जुन्या चित्रपटांत आणखी एक गोष्ट असते. ती मुलाला घाबरवत नाही, हसवते. म्हणूनच ती आपल्या नजरेतून निसटते. ती म्हणजे माणसांच्या एका समूहाची केलेली थट्टा.

डिस्नेचा १९५३ सालचा ‘पीटर पॅन’ घ्या. उडणारी मुले, परी, चाचे आणि घड्याळ गिळलेली मगर यांमुळे तो अतिशय रंजक आहे. परंतु त्यात अमेरिकेतील मूलनिवासी लोकांना ज्या तऱ्हेने दाखवले आहे, ती तऱ्हा हीन आहे. त्यांची भाषा तोतरी आहे, त्यांचे नाच हास्यास्पद आहेत आणि त्यांच्या कातडीच्या रंगावर एक आख्खे गाणे आहे. निर्मात्या कंपनीलाही हे अखेर मान्य करावे लागले. २०२० मध्ये तिने आपल्या ऑनलाइन सेवेवर या चित्रपटापूर्वी, यातील चित्रण तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचे आहे, अशा आशयाची सूचना लावली. २०२१ मध्ये सात वर्षांखालील मुलांच्या विभागातून तो काढून घेतला.

आपल्या सभागृहात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले बसलेली असतात. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले, अशा घरांतील मुलेही बसलेली असतात. रानात राहणारे, पिसे लावणारे, ढोल वाजवणारे लोक मूर्ख असतात, असे पडद्यावर दिसते आणि सारे सभागृह हसते, तेव्हा ती मुलेही हसतात. आपण कोणाला हसलो हे त्यांना बहुधा पुढे, मोठेपणी उमजते. ज्या समाजाने माणसाला माणूस म्हणून ओळख मिळावी यासाठी एवढा संघर्ष केला, त्याने चालवलेल्या शाळेत ही कसोटी भीतीच्या कसोटीच्या आधी लावली पाहिजे. भीतीच्या बाबतीत तडजोड करता येते : प्रसंग वगळता येतो, दिवा लावता येतो, जवळ बसता येते. ज्या चित्रपटाचा विनोदच एका समूहाच्या अपमानावर उभा आहे, तो लहान मुलांना दाखवू नये. मोठ्या विद्यार्थ्यांना मात्र तो मुद्दाम दाखवावा आणि त्यावर बोलावे.

कुरूप म्हणजे दुष्ट, काळा म्हणजे दुष्ट, अपंग म्हणजे दुष्ट, ही जुन्या कल्पनारम्य कथांची सवय याच प्रकारात मोडते. ती देशी आणि विदेशी दोन्ही चित्रपटांत आढळते.

निर्णय कसा घ्यावा

वरील विचार प्रत्यक्षात आणण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पुढील गोष्टी कोणत्याही निवासी शाळेला आणि घरीही करता येतील.

एक : मुलांना दाखवण्यापूर्वी एका जबाबदार व्यक्तीने चित्रपट प्रारंभापासून अखेरपर्यंत स्वतः पाहावा. लहानपणी पाहिला होता, ही आठवण पुरेशी नाही, कारण आठवणीत आवडलेले तेवढेच उरते. पाहताना कागदावर वेळ लिहून ठेवावी : कोणत्या मिनिटाला मृत्यू, कोणत्या मिनिटाला अचानक मोठा आवाज, कोणत्या मिनिटाला थट्टा.

दोन : प्रत्येक कठीण प्रसंगाविषयी विचारावे की हे संकट सुटते का, आणि किती वेळाने सुटते. लहान मुलाची धीर धरण्याची शक्ती मिनिटांत मोजावी. निग्रोधाची कथा आणि ‘बॅम्बी’ यांतील फरक येथेच आहे. एकीत आई वाचते आणि पिलू जन्मते. दुसरीत आई परत येत नाही.

तीन : अनुकरणाचा विचार करावा. ‘पीटर पॅन’मधील मुले खिडकीतून उडत बाहेर जातात. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ मालिका सुरू झाल्यावर मुले त्याची नक्कल करतील या काळजीची देशभर चर्चा झाली होती. वरच्या मजल्यावर झोपण्याची व्यवस्था असलेल्या वसतिगृहाने ही काळजी हसण्यावारी नेऊ नये.

चार : वयानुसार गट करावेत. पहिली-दुसरी, तिसरी-चौथी आणि पाचवीच्या पुढे, असे तीन गट पुरेसे आहेत. सर्वांना एकत्र बसवण्याची सोय व्यवस्थेच्या दृष्टीने बरी असली, तरी मोठ्यांसाठी योग्य असलेले लहानांवर लादले जाते किंवा लहानांसाठी मोठ्यांना कंटाळावे लागते.

पाच : लहान गटासाठी चित्रपट दुपारी लावावा. सभागृहात पूर्ण अंधार करू नये, आवाज बेताचा ठेवावा आणि दर दहा-पंधरा मुलांमागे एक मोठी व्यक्ती त्यांच्यातच बसावी. ज्याला उठून जायचे आहे त्याला जाऊ द्यावे. ‘भित्रा’ म्हणू नये. संपल्यावर लगेच झोपायला न पाठवता मैदानावर खेळायला सोडावे. त्या रात्री शयनगृहात एक फेरी अधिक घ्यावी.

सहा : नंतर बोलावे, पण प्रश्न परीक्षेसारखे नसावेत. "तात्पर्य काय?" असे विचारण्यापेक्षा "तुला कोण आवडले? कोठे वाईट वाटले?" असे विचारावे. मुलांना चित्र काढू द्यावे. ज्या प्रसंगाची भीती वाटली तो कागदावर उतरला की लहान होतो.

या कसोट्या ‘द बनियन डीअर’ला लावल्या, तर माझे मत असे पडते. पहिली-दुसरीच्या मुलांना कथा आधी तोंडी सांगावी, राजाने अभय दिले येथपर्यंत पूर्ण सांगावी, आणि शेवट ठाऊक झाल्यावरच चित्रपट दाखवावा. कथा आधी कळली तर उत्कंठा जाईल ही भीती मोठ्यांची आहे. लहान मुले ठाऊक असलेली गोष्टच पुन्हा पुन्हा मागतात, आणि शेवट ठाऊक असणे हाच त्यांचा आधार असतो. तिसरी-चौथीला तो सरळ दाखवावा. पाचवीच्या पुढील मुलांपुढे साखाचा प्रश्न ठेवावा. साख दुष्ट नाही, तो नियमाप्रमाणे वागतो : पाळी तुझी आहे, तूच जा. नियम पाळणारा साख आणि नियमाच्या पलीकडे जाणारा निग्रोध यांच्यात काय फरक आहे, यावर बारा वर्षांची मुले तासभर बोलू शकतात. शिवाय ही चित्रे अजिंठ्याच्या धाटणीची आहेत, हे त्यांना सांगावे. सहलीत ती मुले अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात उभी राहतील, तेव्हा भिंतीवरची जातके त्यांना आधीच ओळखीची वाटतील.

‘टोटोरो’ पहिलीपासून दाखवण्यास योग्य वाटतो, मात्र आई इस्पितळात आहे आणि ती बरी होणार आहे हे आरंभीच सांगून. ‘बॅम्बी’ निवासी शाळेत आठ-नऊ वर्षांच्या आत दाखवू नये. घरी, आईच्या शेजारी, त्याआधीही चालेल. हा भेद चित्रपटाच्या गुणावर आधारलेला नाही. तो मूल कोठे झोपते यावर आधारलेला आहे.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी चित्रपट आणून देणे थांबवू नये. त्यांचे येणे आणि देणे शाळेला हवेच आहे. विनंती इतकीच, की देताना पेनड्राइव्हसोबत एक कागद द्यावा. त्यावर आपण हा चित्रपट अलीकडे पूर्ण पाहिला आहे का, कोणत्या वयासाठी सुचवतो आहोत आणि कोणत्या प्रसंगी जवळ बसावे लागेल, हे चार ओळींत लिहावे. आणि शक्य असेल तर त्या दुपारी स्वतः यावे, सतरंजीवर पहिलीच्या मुलांमध्ये बसावे. ठोकळ्यावर निग्रोध मान ठेवील, तेव्हा शेजारचे मूल कोणाचा तरी हात शोधेल; तो हात तेथे असावा.